मांड पक्की, पाठ ताठ!



ज्येष्ठ महिना आला, की मिरज-सांगलीच्या रस्त्यावर दोन पाहुणे चालत येतात. एस.टी. नाही, ट्रक नाही, सगळा प्रवास आपल्या चार पायांनी! बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीचे हे घोडे. सांगलीजवळही एक अंकली आहे; ती नव्हे बरं का, ही चिकोडीकडची. तिथल्या शितोळे सरकारांकडे ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीसाठी घोडे देण्याचा मान आहे. सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे पायी ओलांडून, पुण्यावरून हे घोडे आळंदीला पोहोचतात. या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप देणारे हैबतबाबा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे.

पुढे पालखीबरोबर हेच घोडे पुन्हा सातारा जिल्ह्यात येतात. लोणंद सोडलं, की तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. इथे होतं वारीतलं पहिलं उभं रिंगण. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात, मध्ये वाट मोकळी ठेवतात आणि त्या वाटेने घोडे धावतात. एका घोड्यावर कोणीच बसत नाही. तो माऊलींचा घोडा. दुसऱ्यावर स्वार असतो आणि त्याच्या हाती ध्वज असतो. घोडे गेले, की टापांखालची माती कपाळाला लावायला ही झुंबड उडते!

कधी रिंगण पाहायला गेलात, तर त्या स्वाराकडे नीट बघा. एक हात ध्वजात गुंतलेला, घोडा भरधाव, माणसांचा केवढा गलका. तरी तो पडत कसा नाही?

याचं उत्तर एका जुन्या मराठी शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'मांड'. घोड्यावरची बैठक म्हणजे मांड. मांड पक्की असली, की हात मोकळे राहतात. पण पक्की म्हणजे मांड्या आवळून घोड्याला चिकटून बसणं नव्हे हं! उलट, घट्ट आवळून बसलेला स्वार घोड्याच्या प्रत्येक पावलाला उसळतो. चांगला स्वार कमरेत सैल असतो आणि पाठीत ताठ. बाजूने पाहिलं, तर त्याचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात.

आता घरीच एक प्रयोग करा. पाठ नसलेल्या स्टुलावर बसा. दोन्ही तळहात बुडाखाली घाला. दोन टणक हाडं लागली ना? ती आपल्या बैठकीची हाडं. आता पोक काढून बसा. वजन मागे माकडहाडाकडे जातं. पुन्हा सरळ बसा. आता हात काढून घ्या आणि मित्राला खांद्यावर हलकासा धक्का द्यायला सांगा. पोक काढून बसलात तर चटकन कलंडाल. दोन्ही हाडांवर सारखं वजन ठेवून बसलात, तर शरीर आपोआप सावरेल.

सारखं वजन का, हे आपल्या माणदेशातल्या धनगरांना विचारा. साताऱ्याचा माण आणि सांगलीचा आटपाडी हे दोन्ही तालुके या माणदेशातले. मेंढरं घेऊन गावोगाव हिंडताना धनगर आपला संसार घोड्याच्या पाठीवर लादतात. हे ओझं दोन्ही अंगांना सारखं बांधावं लागतं. एका बाजूला झुकलं तर ते घसरतं आणि घोड्याची पाठ सोलवटते. स्वार वाकडा बसला तरी घोड्याला तसाच त्रास होतो. म्हणजे नीट बसायचं ते आपल्यासाठी आणि त्या मुक्या जनावरासाठीही.

रिंगणाच्या घोड्यावर आपल्याला काही बसता येत नाही. पण याच जिल्ह्यात पाचगणी आहे. तिथे चार हजार फुटांहून उंच, जांभ्या दगडाचं सपाट पठार आहे, टेबललँड! सहलीला आलेली मुलं इथे हमखास घोड्यावर बसतात. बसलात तर एक करा. घोडेवाल्या काकांना म्हणा, "काका, पळवू नका, चालू द्या." मग कमरेकडे लक्ष द्या. घोडा निघाला, की आपण मागे जातो. थांबला, की पुढे. अगदी एस.टी.त उभं असल्यासारखं! आणि चालताना? कंबर थोडी पुढे-मागे होते, थोडी डावी-उजवीकडे झुकते, थोडी वळते. तुम्ही खाली उतरून स्वतः चालून पाहा. कंबर साधारण तशीच हलते!

इथेच खरी गंमत आहे. ज्याला चालता येत नाही, त्याच्या शरीरालाही घोडा चालण्याची लय देतो. पाय हलले नाहीत तरी कंबरेला आणि पाठीला कळतं, की चालणं असं असतं.

म्हणूनच जगात अनेक ठिकाणी घोड्याचा उपयोग उपचारासाठी करतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या मेंदूला अगदी लहानपणीच इजा झालेली असते. त्यामुळे कुणाचे पाय ताठर होतात, कुणाला मान किंवा पाठ सावरता येत नाही. अशा मुलाला शांत, शिकवलेल्या घोड्यावर बसवतात. एक माणूस घोडा धरून चालतो, दोघे दोन्ही बाजूंना मुलाच्या मांडीशी हात ठेवून चालतात. डोक्यावर हेल्मेट असतं. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असतं. त्या उबेने ताठर स्नायू थोडे सैलावतात. घोडा प्रत्येक पावलाला मुलाचा तोल थोडासा ढळवतो आणि मूल तो पुन्हा सावरतं. असं शेकडो वेळा घडतं, आणि मुलाला वाटतं आपण नुसते फिरतोय! घोडा कधी थांबवतात, कधी वळवतात, कधी चढावर नेतात. प्रत्येक वेळी पाठीला नवा धडा.

या उपचाराला हिप्पोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत हिप्पोस म्हणजे घोडा आणि पोटॅमोस म्हणजे नदी. आता सांगा बरं, हिप्पोपोटॅमसला आपण काय म्हणतो? पाणघोडा! ग्रीकांनी आणि आपण अगदी एकच नाव ठेवलं की नाही?

आता लिस हार्टेलची गोष्ट ऐका. ती डेन्मार्कची स्वार. १९४४ साली तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरी ती पुन्हा घोड्यावर बसायला शिकली. चढायला आणि उतरायला दुसऱ्याची मदत लागे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ती आपल्या जुबिली नावाच्या घोडीवर बसून उतरली. स्पर्धा होती घोड्याला शिस्तीत, लयीत चालवून दाखवण्याची, आणि त्या वर्षी प्रथमच स्त्रियांना पुरुषांबरोबर त्यात भाग घेता आला. टाचेने इशारा देणं तिला शक्यच नव्हतं. तिचा भरवसा होता पाठीवर, कमरेवर आणि वजनाच्या तोलावर. म्हणजेच मांडीवर नव्हे, मांडीच्या वर उभ्या असलेल्या मांडेवर! तिने रौप्यपदक जिंकलं. १९५६ साली पुन्हा तेच. तिच्याकडे पाहून युरोपात दिव्यांगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं सुरू व्हायला मोठं बळ मिळालं.

पालकांना एक सांगायला हवं. घोडा म्हणजे जादूची कांडी नाही. डॉक्टरांच्या औषधाची आणि रोजच्या व्यायामाची जागा तो घेत नाही. सहलीतल्या घोड्यावर दिव्यांग मुलाला हौसेने बसवणं धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारावं, कारण काही मुलांना घोडेस्वारी चालत नाही. घोडा शिकवलेला हवा आणि माणसंही शिकलेली हवीत.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. सहल टेबललँडवर जाते तेव्हा चालता न येणारा वर्गमित्र पुष्कळदा खाली गाडीतच बसून राहतो. "तुला काय जमणार?" असं कोणी त्याला बोलतं, तर कोणी न बोलता निघून जातं. तसं करू नका. गुरुजींना आणि बाईंना आधीच विचारा, की त्याला वर कसं नेता येईल. घोड्यावर बसायलाच हवं असं थोडंच आहे? काकांच्या परवानगीने, घोड्याच्या मागे न जाता, त्याला मानेवरून हात फिरवू द्या. घोड्याचा ऊन श्वास तळहातावर घेऊ द्या. मग दोघं मिळून येणाऱ्या-जाणाऱ्या स्वारांकडे बघत बसा आणि ओळखा पाहू, कुणाची मांड पक्की आहे!