ओट्यावरची बाटली

सांगली,
आषाढ, रविवार

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस तुझ्याकडे राहिले, पोटभर कौतुक केलं आणि एक गोष्ट तशीच गिळून परत आले. तुझ्या हाताखालच्या दोघी समोर होत्या, त्यांच्या देखत मालकिणीला शिकवणं बरं दिसलं नसतं. फोनवर बोलले असते तर ‘हो गं मावशी’ म्हणून तू विषय मिटवला असतास. म्हणून हे पत्र. दुपारी आडवी होशील तेव्हा वाच.

बुधवारची सकाळ आठव. चाळीस डब्यांच्या पोळ्या व्हायच्या होत्या आणि तू परातीत कणीक तिंबत होतीस. फोन वाजला. तो खांद्यात धरून तू बोललीस, पत्ता बघायला अंगठ्याने पडदा सरकवलास, फोन ठेवलास आणि ओट्यावरच्या सॅनिटायझरच्या त्या निळ्या बाटलीचा पंप दोनदा दाबून हात चोळलेस. मी तिथेच लसूण सोलत बसले होते. कणीक आणि ते जेल मिळून तुझ्या बोटांवर पांढरट चिकटा झाला, त्याच्या गव्हल्यांसारख्या वळ्या पडल्या आणि दोन-तीन वळ्या परातीत गळल्या. तू पुन्हा मळायला लागलीस. वर माझ्याकडे बघून हसलीस, मावशीला आवडेल अशी स्वच्छता ठेवलीय म्हणून!

बाटलीवर माझा राग नाही. हॉस्पिटलातल्या नोकरीतली शेवटची वर्षं मी तीच वापरली. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची हात-स्वच्छतेची पुस्तिका आमच्या वॉर्डात आली, तेव्हा मला तर सुटल्यासारखं झालं. त्याआधीची तऱ्हा तुला सांगितली तर हसशील. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डाच्या दाराशी एका स्टँडवर एनॅमलचं भांडं असे, त्यात लोशनचं पाणी आणि शेजारी एकच नॅपकीन. सगळा राउंड त्या एका पाण्यात हात बुचकळून त्या एका नॅपकिनाला पुसणार. दुपारपर्यंत तो नॅपकीन पिळून काढावा लागे. एका खाटेवरचा रोग दुसऱ्या खाटेवर आम्हीच नेऊन पोचवत असू, तेही निर्धास्तपणे. त्यामानाने बाटली म्हणजे चैनच. पण वॉर्डात एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात कोरडा असतो, दिसायला स्वच्छ असतो. दिसण्यासारखं काही लागलं असेल, तर तिथेही आम्ही साबणाने हात धुतल्याशिवाय पुढे जात नव्हतो.

स्वयंपाकघरात तसा हात सापडतो कधी? कणीक, तेल, हळद, नाहीतर नुकता नळाखालून काढलेला निथळता हात. अल्कोहोल जंतू मारतं, मळ काढत नाही. तेलकट थराखालचे जंतू तसेच राहतात. ओल्या हातावर तर गंमतच होते. सॅनिटायझरमध्ये पाणी आधीच मोजून घातलेलं असतं. निव्वळ अल्कोहोलपेक्षा थोडं पाणी असलेलं चांगलं काम करतं, म्हणून ते ६० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवतात. त्यात तुझ्या बोटांचं पाणी मिसळलं की सगळं प्रमाण बिघडलं. शिवाय काही जंतू त्याला दादच देत नाहीत. जुलाब-वांत्यांचा नोरोव्हायरस त्याला सहसा बधत नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसची बीजं तर भात शिजल्यावरही जिवंत राहतात, तिथे दोन थेंब जेलची काय मातब्बरी! उरलेला भात पसरून गार कर आणि लगेच फ्रिजमध्ये टाक. रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो डब्यात भरायचा नाही.

आता माझी एक फजिती सांगते. एवढी वर्षं कुणाला सांगितली नाही.

तुझं बारसं. १९९६चा मे, सांगलीचा उन्हाळा. तेव्हा जेवणावळीत फ्रूट सॅलडची मोठी ऐट होती. चाळीस माणसांचं कस्टर्ड मी करीन म्हणून मीच पुढे झाले. आदल्या दिवशी नारळ खवताना तर्जनी कापली होती आणि सकाळी ती ठसठसत होती, कडेला पिवळट दिसत होती. मी पडले हॉस्पिटलातली सिस्टर! स्पिरिटचा बोळा फिरवला, चिंधी गुंडाळली, लागले कामाला. चिंधी दुधात भिजली तशी काढून टाकली. गार झालेल्या कस्टर्डमध्ये गुठळ्या राहिल्या होत्या, त्या हाताने मोडत बसले. एवढं पातेलं फ्रिजमध्ये मावेना म्हणून दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत ते माजघरात झाकून ठेवलं. आठला पान वाढलं. अकराला पहिली वांती झाली ती तुझ्या काकांना, आणि मग मोरीपाशी रांगच लागली. तू पाळण्यात झोपलेली होतीस म्हणून वाचलीस.

कुणी काही तपासायला पाठवलं नाही, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. पण तीन तासांत उलट्या म्हटल्यावर माझा संशय त्या बोटावरून कधी हललाच नाही. स्टॅफिलोकोकस हा जंतू कातडीवर, नाकात असतोच. जखम पिकली की तिथे वाढतो, दुधाच्या पदार्थात पडला आणि ऊब मिळाली की विष सोडतो, आणि ते विष उकळूनही जात नाही. मी स्पिरिट लावलं होतं ना! त्याच भरवशावर पुढचे दोन तास बोट दुधात घातलं. तुला त्या बाटलीचा पंप दाबताना पाहिलं आणि मला माझा तो बोळा आठवला.

तेव्हा बोट कापलं तर त्या दिवशी तू हिशेब लिही, डबे मोज, पण अन्नाला हात लावू नकोस. अगदीच गरज पडली तर पट्टी लावून वर हातमोजा घाल.

हात कसा धुवायचा ते तुला येतं असं तुला वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. तळवे सगळे चोळतात, अंगठा आणि बोटांची टोकं सगळे विसरतात, आणि मीठ आपण चिमटीतच धरतो. टोकं दुसऱ्या तळव्यात खरवडून धू, साबण धरून धुण्यापुसण्याला पाऊण-एक मिनिट तरी जाऊ दे. कुठलाही साबण चालेल, ‘जंतुनाशक’ लिहिलेल्या महागड्याची गरज नाही. आणि त्या पाटल्या काढून खिळ्याला अडकव. मनगटाशी पाटलीखाली वाळलेल्या कणकेचं कडं झालं होतं, मी पाहिलं. सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.

पण तुझ्या घरात खरी भीती मला कशाची वाटली सांगू? मसोत्याची. नळाच्या मानेवर लटकणारं ते करडं, गारढोण फडकं. पहिल्यांदा रंग कोणता होता ते देवाला ठाऊक. त्यानेच ओटा, त्यानेच सांडलेलं दूध, त्यानेच ताटांच्या कडा, आणि त्यालाच हात पुसायचे. मी वास घेतला, ओल्या कुत्र्यासारखा येत होता. पावसाळ्यात ते वाळतच नाही, जंतूंना ओल लागते ती बसल्या जागी मिळते. तू बाटलीने हात ‘शुद्ध’ करतेस आणि दुसऱ्या क्षणी त्या फडक्याला पुसतेस. फडकी रोज बदल. रात्री साबणाच्या पाण्यात उकळ आणि ऊन नसलं तर पंख्याखाली खडखडीत वाळव.

ओट्यावर सॅनिटायझर मारून लगेच पुसायचं हेही सोड. आधी साबणाच्या पाण्याने खरकटं आणि तेलकटपणा काढायचा. कोंबडी-मासळीचं काम झालं असेल तर मग क्लोरीनचं पाणी. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलि, चहाचा एक चमचा. दोन मिनिटं राहू दे, आपोआप वाळू दे. रोज ताजं कर. ते संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये चुकूनसुद्धा मिसळू नकोस, विषारी वायू होतो.

क्लोरीनचं हे पाणी काही नवं नाही. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर त्याच कुळातली. २०१९च्या महापुरात आपल्या स्वयंपाकघरात कंबरभर पाणी होतं. चिखल उपसल्यावर आधी धुतलं, मग त्याच पावडरीच्या पाण्याने ओटा पुसला. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हेच क्लोरीनचं पाणी दाराशी ठेवलं होतं. शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट बाळंतिणींकडे येत. साबणाने धुतलेल्या हातांनाही प्रेताचा वास राहतो, हे त्याला खटकलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी जात होत्या, जूनमध्ये दोनवर आल्या. डॉक्टरमंडळींना राग आला तो ‘तुमचे हात घाण आहेत’ या म्हणण्याचा. (तुला माझा येत असेलच आता.)

श्रावण लागायच्या आधी कोंबडीच्या ऑर्डरी वाढतील. कोंबडी नळाखाली धरून धुऊ नकोस. धुऊन जंतू जात नाहीत, ते नीट शिजवल्याने जातात. धुताना शिंतोडे मात्र शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच भुरभुरवतो. कोशिंबीर, कांदा, लिंबू आधी चिरून झाकून ठेव. कोंबडी सगळ्यात शेवटी, वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीने.

बाटली टाकून देऊ नकोस. डबे पोचवणाऱ्या मुलाला दे. नोटा, जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं, आणि वाटेत नळ नाही. त्याच्यासारख्याला ती फार उपयोगाची. ओंजळभर नको, पसाभर नको, तळव्यावर छोटं तळं होईल एवढी घ्यायची आणि वीस-तीस सेकंद, वाळेपर्यंत चोळायची, पँटला पुसायची नाही. पण शेगडीपासून ती आजच उचल. त्या दिवशी हात चोळून ओलेच असताना तू लायटर उचललास तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. त्या स्पिरिटचा जाळ फिकट निळा असतो, दिवसा उजेडी दिसतसुद्धा नाही, चटका बसल्यावर कळतो. आणि पाच लिटरच्या कॅनमधून सॅनिटायझर गुलाबपाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलंयस, त्यावर निदान चिठ्ठी चिकटव. २०२१च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा पोरांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. नशिबाने पोरं बचावली.

माझ्या नोकरीतल्या पांढऱ्या सुती साड्या कपाटात नुसत्या पडून होत्या. चार साड्या फाडून चौकोन कापले, कडा मशीनवर दुमडल्या. लाल दोऱ्याची फडकी कोंबडीच्या ओट्याला, निळ्या दोऱ्याची ताटांना, बिनदोऱ्याची हात पुसायला. एकूण साठ झाली, म्हणजे रोज बदलायला तुला आळस करता येणार नाही. परवा संध्याकाळच्या एसटीने पार्सल पाठवते, स्वारगेटला डब्यांच्या मुलाला पाठव. आत कुरडयाही आहेत, त्या चिरडू देऊ नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. बारशाचं आईला सांगू नकोस. तिला अजून वाटतं, केळी खराब निघाली.