मान्य केलं तरी

शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धा गाजवायचे. बार्शीत आणि आसपासच्या गावांत जयंत्या-पुण्यतिथ्यांना स्पर्धा व्हायच्या. भाषण बाईंनी लिहून दिलेलं असे, आवाज कुठे चढवायचा तेही वहीत पेन्सिलीने लिहिलेलं. वादविवाद स्पर्धा असली तरी फार फरक पडत नसे. अनुकूल बाजूची मुलगी पाठ केलेलं बोलून खाली बसायची आणि प्रतिकूल बाजूने मी माझं पाठांतर घेऊन उठायचे. ती काय बोलली हे मला ठाऊकच नसायचं. ती बोलत असताना मी मनातल्या मनात माझी सुरुवात घोळवत असे. तरी ढाल मिळायची.

मुंबईला कॉलेजात आल्यावर डिबेटिंग सोसायटीत गेले ती निव्वळ इंग्रजी सुधारावं म्हणून. तिथला प्रकार ब्रिटिश पार्लमेंटरी. एका खोलीत चार संघ, प्रत्येकी दोन जण. दोन संघ सरकारचे, दोन विरोधी. मोशन जाहीर झाल्यावर तयारीला पंधरा मिनिटं. कुठल्या बाजूने बोलायचं ते आपल्या हातात नाही. प्रत्येकाला सात मिनिटं, त्यातलं पहिलं आणि शेवटचं मिनिट तेवढं सुरक्षित. मधल्या वेळात समोरचा कोणीही हात पुढे करून उभा राहतो आणि मुद्दा घालू पाहतो. घेतला तर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पाठांतर करून यायला जागाच नाही.

इंग्रजी कच्चं असल्याचा मला तिथे फायदा झाला, असं मी म्हणते तेव्हा लोकांना तो विनय वाटतो. पण तसंच झालं. इंग्रजी शाळांतून आलेली मुलं समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं ओळखायची, आणि त्यांचं रिबटल असायचं ते त्या ओळखलेल्या अर्ध्याला. मला ओळखता येत नसे. मग कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारून प्रत्येक वक्त्याचा रकाना करायचे आणि जमेल तेवढं जसंच्या तसं उतरवून घ्यायचे. माझ्या सात मिनिटांत आवाज कापायचा, क्रियापदं चुकायची. पण मी ज्याला उत्तर देत होते ते खरोखर कोणीतरी बोललेलं असायचं.

तरीही खोडून काढणं म्हणजे ‘हे खोटं आहे’ असं जोरात म्हणणं, ही माझी समजूत बरेच दिवस टिकली. ती गेली मूत्रपिंड विक्रीच्या मोशनवर. मूत्रपिंडांची खरेदी-विक्री कायदेशीर करावी, असा ठराव. आपल्याकडे 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो गुन्हा आहे. इराणमध्ये मात्र सरकारी देखरेखीखाली दात्याला पैसे मिळतात. सरकारी बाजू बहुधा इराणपासून निघते आणि ‘ज्याचं शरीर त्याचा हक्क’ इथे पोचते. आम्ही विरोधात होतो आणि आमच्याकडे हुकमी आकडे होते. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2002 साली चेन्नईतल्या 305 मूत्रपिंड विकणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांतल्या 96 टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकलं होतं, आणि विक्रीनंतर कुटुंबांचं सरासरी उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. एवढं ठणकावून सांगितलं आणि मी खाली बसले.

सरकारी बाकावरची मुलगी उठली. तिने आमचा एकही आकडा नाकारला नाही. म्हणाली, हे सगळं खरं आहे, आणि हा दलालांच्या बाजाराचा हिशेब आहे. किंमत कायद्याने ठरली, नंतरचे उपचार सरकारने केले, तर हीच माणसं नागवली जाणार नाहीत. म्हणजे हे आकडे बंदीच्या बाजूचे नाहीतच, आमच्या बाजूचे आहेत. खोलीत बाकं वाजली. आमचाच पुरावा तिने उचलून आपल्या रकान्यात ठेवला होता.

आमच्यानंतरच्या विरोधी संघाने तो परत आणला, आणि कसा आणला ते अजून जसंच्या तसं आठवतं. त्यांनी तिचंही सगळं मान्य केलं. दलाल गेला, भाव मिळाला, टाके नीट पडले, धरून चालू. तरी कर्ज तिथेच आहे. आणि शरीरात विकण्याजोगं काही आहे हे सावकाराला कळलं की तो तेच तारण समजून उधार देतो आणि तगादाही त्याच हिशेबाने लावतो. जिला विकायचं नाही त्या बाईलाही मग सुटका नाही. चेन्नईतल्या अशा वस्त्यांबद्दल मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी हेच लिहिलं आहे. बाजार कितीही स्वच्छ केला तरी हा मुद्दा हलत नाही, कारण तो बाजाराच्या घाणीवर उभाच नाही. पहिला क्रमांक त्यांना मिळाला आणि तो त्यांचाच होता.

सुट्टीत घरी गेल्यावर अप्पांना हे सगळं रंगवून सांगितलं. अप्पा तालुका कोर्टातल्या एका वकिलांकडे कारकून. आयुष्यभर मराठी टाइपरायटरवर दावे आणि कैफियती बडवलेल्या. ते म्हणाले, ‘‘यात नवीन काय? आम्ही रोज हेच टाइप करतो.’’ आणि तोंडपाठ म्हणून दाखवलं. कलम अमुकमधील मजकूर खरा व बरोबर नाही, तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. प्रतिवादीने वादीकडून हातउसने पैसे घेतलेले नाहीत. घेतले असे वादाकरिता धरले तरी ते फेडलेले आहेत. फेडले नाहीत असे धरले तरी तीन वर्षांची मुदत उलटल्याने दावा मुदतबाह्य आहे. शिवाय मोघम नकार कोर्टात चालत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आठव्या आदेशात ते आहे. विधान नेमकेपणाने नाकारलं नाही तर ते कबूल धरता येतं. इंग्रजी खोलीत परीक्षक आम्हाला तेच बजावत, ज्याला उत्तर दिलं नाही तो मुद्दा उभा राहिला असं आम्ही धरणार.

पण अप्पांची कैफियत डिबेटमध्ये वाचली असती तर हशा पिकला असता. घेतलेच नाहीत आणि फेडलेही, हे कागद सहन करतो, तोंडातून चालत नाही. सात मिनिटांत तीन पायऱ्यांपैकी आपण कुठल्या पायरीवर उभं राहून बोलणार, हे आधीच ठरवावं लागतं. पुढे मी परीक्षक म्हणून जायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त वैताग याच गोष्टीचा यायचा. मुलं एका मुद्द्याला पाच उत्तरं फेकत, त्यांतली दोन एकमेकांना कापत, आणि ज्या एका उत्तराने सामना फिरला असता ते घंटेनंतर घाईत यायचं. न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडायचं. डिबेट हा जल्पच आहे, उगीच सोवळेपणाचा आव आणू नये. पण चांगला जल्पही स्वतःची बाजू उभी करावी लागते म्हणून वितंडेपेक्षा बरा. रात्री टीव्हीवर चार चौकटींतून चालतं त्याला तर वितंडाही म्हणवत नाही. वितंडेसाठीसुद्धा समोरच्याचं ऐकावं लागतं.

नोकरीत या सगळ्याचा उपयोग झाला, पण माफक. बैठकीत ‘तुमचे आकडे मान्य, तरीही’ असं म्हटलं की माणूस निम्मा निवळतो, एवढंच.

आता लेक नववीत आहे आणि शाळेच्या इंग्रजी डिबेटच्या संघात आहे. सरावाला बसलो की मी तिला एकच अट घालते. आधी समोरच्याचं म्हणणं असं सांग, की तो म्हणाला पाहिजे, हो, हेच माझं म्हणणं. मग खोड. परवा ती वैतागली.

‘‘आई, मी कशाला त्यांची केस नीट करून देऊ? त्यांना स्वतःला जमली नाही ती मी मांडायची, आणि जजच्या लक्षात तीच राहिली तर?’’

हे खरं आहे. असे हरलेले संघ मी परीक्षकाच्या खुर्चीतून पाहिले आहेत. प्रतिपक्षाची बाजू इतकी सुरेख मांडायचे की पुढचं खंडन फिकं पडायचं. म्हणून तिचं म्हणणं मान्य केलं आणि सांगितलं, मग एका वाक्यात सांग. त्यांनी दहा वाक्यांत सांगितलं ते एकात सांगता आलं तर जजला कळतं की तुला समजलंय, आणि तुझी साडेसहा मिनिटं शिल्लक राहतात.

‘‘एका वाक्यात बसलं नाही तर?’’ तिने विचारलं.

‘‘तर अजून समजलं नाही,’’ मी म्हणाले.

‘‘किंवा त्यांचा मुद्दाच दोन वाक्यांचा असेल,’’ ती म्हणाली, आणि पेन्सिलीने कागदावर रेघा मारायला लागली.