मागचे सिलिंडर

आमच्या घरी आजोबांपासून चालत आलेली १९४२ सालची लष्करी हार्ले-डेव्हिडसन फटफटी आहे. तिची दोन सिलिंडरे ४५ अंशांच्या कोनात, दोन भावांसारखी एका दांड्यास जोडलेली. परवा मागचे पेटेना. आम्ही तत्काळ कॉइलवर ठपका ठेवला. फटफटी विकावी, इथपर्यंत मजल गेली. तीर्थरूपांची दृष्टी अधू, हात कापरे. त्यांस विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

ते ओटीवरूनच म्हणाले, "अरे, कॉइल एकच आहे. तिची ठिणगी दर वेळी दोन्ही प्लगांत उडते. एकीकडे कामी येते, दुसरीकडे वाया जाते. पुढचे सिलिंडर चालते ना? मग कॉइल निर्दोष. यंत्र निवल्यावर प्लगांची अदलाबदल करून पाहा."

तसे केले, मागचे पेटले, पुढचे बंद पडले! दोष प्लगाचाच होता. नवा घालताच दोन्ही सिलिंडरे गर्जू लागली.

कॉइलवरील आळ आम्ही मागे घेतला. तीर्थरूपांविषयीचा आमचा निवाडाही तितकाच उतावळा होता, हे मात्र त्यांस सांगण्याचे धैर्य झाले नाही. आता दर रविवारी त्यांची खुर्ची आम्ही स्वतः फटफटीजवळ नेऊन मांडतो. विक्रीची गोष्ट पुन्हा कोणी काढलेली नाही.