थेंबाची दखल

आतील इंजिनावर चालणाऱ्या यांत्रिक होडीच्या अंगी एक विरोध असतो. पाणी आत येऊ नये म्हणून तिचे कवच अखंड असावे लागते. आणि तिला गती द्यावयाची तर आतील इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर नेण्यासाठी त्याच कवचाला भोक पाडावे लागते. शाफ्टला अडवावयाचे नाही आणि पाण्याला मात्र आत सोडावयाचे नाही, ही दुहेरी कामगिरी ज्या लहानशा भागाकडे असते, त्याला सील म्हणतात.

जेट बोटीत हे काम अधिकच नाजूक. तळाच्या जाळीतून पाणी ओढून घ्यावयाचे, आतल्या पंख्याने त्याला जोर द्यावयाचा आणि मागच्या तोटीतून ते फेकून त्या धक्क्याने पुढे जावयाचे, अशी या बोटीची रीत. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी तेथील उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी १९५४ साली ती विकसित केली. १९७७ साली एडमंड हिलरी गंगासागराहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाले, ते अशाच तीन जेट बोटी घेऊन. नंदप्रयागाजवळच्या धबधब्याने वाट अडवीपर्यंत त्या चढत गेल्या. आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घेऊन धावणारी वॉटर स्कूटर ही याच कुळातली धाकटी बहीण होय.

थोडक्यात, जेट बोट म्हणजे धावता पंप. वाचकांपैकी ज्यांच्या कुळागरात जुना पंप असेल, त्यांना ग्लँडची दोरी ठाऊक असेलच. ती शाफ्टभोवती वेटोळी करून बसवितात. फार आवळली तर शाफ्ट तापतो, त्यावर चरे पडतात. म्हणून जाणता मनुष्य थेंब थेंब गळती मुद्दाम राखतो. नव्या धर्तीच्या सीलमध्ये दोरी नसते. कार्बनची गुळगुळीत कडी शाफ्टबरोबर फिरणाऱ्या धातूच्या कडीवर टेकलेली असते आणि घड्यांची रबरी नळी तिला मागून दाबून धरते. दोन कड्यांच्या मध्ये पाण्याचा जो अत्यंत पातळ पापुद्रा राहतो, तोच त्यांचे वंगण. त्यामुळे होडी पाण्याबाहेर असताना इंजिन फार वेळ चालविले, तर सील जळून जाते. उथळ जागी पाण्याबरोबर वाळू ओढली गेली, तर कड्या झिजतात.

हे सारे आम्हांस शिकविले ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याने. बार्देशच्या किनाऱ्यावर तो वॉटर स्कूटरींची दुरुस्ती करतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा त्याच्या पडवीत यंत्रे उघडी पडलेली असतात. तो प्रथम सीलला हात लावीत नाही. शाफ्ट हाताने फिरवून बघतो. "सर, बेअरिंग ढिले असेल किंवा शाफ्ट सरळ रेषेत नसेल, तर नवे सीलही टिकत नाही," असे तो म्हणतो. मग रबराला तडे आहेत का ते पाहतो, झिजलेली कडी बदलतो, धातूच्या कडीवर नख फिरवून चरा लागतो का ते तपासतो आणि नवी कडी बसविताना तिच्या तोंडाला बोटांचे तेलसुद्धा लागू देत नाही.

एका डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात किनारा माणसांनी फुलून गेलेला असताना, सकाळच्या तपासणीत त्याला एका स्कूटरच्या इंजिनाभोवती काळी पूड पसरलेली दिसली. कार्बनची कडी झिजत असल्याची ती खूण. खाली थोडेसे पाणीही साचले होते. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालू दे, रात्री काय ते बघ." त्याने किल्ली काढून खिशात घातली. त्याची त्या दिवसाची मजुरी कापली गेली. हे त्याने आम्हांस सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे. कडी कशी झिजते हे समजावून देताना ओघात सांगून गेला.

मालकांना दुष्ट म्हणावे, असे आम्हांस वाटत नाही. त्यांना रांगेत उभी असलेली गिऱ्हाइके दिसत होती. याला किनाऱ्यापासून दूर, बंद पडलेल्या इंजिनावर पाण्यात बसलेले कोणा परक्याचे मूल दिसत होते. ग्लँडची दोरी गळून गळून आपली अवस्था उघडपणे सांगते. नवे सील वर्षानुवर्षे मूक राहते आणि बोलते तेव्हा चिमूटभर पुडीने किंवा चार थेंबांनी बोलते. ते ऐकणारा मनुष्य जवळ नसेल, तर उत्तम यंत्रही माणसाचे रक्षण करू शकत नाही. अशा माणसांची नावे कोणत्याही फलकावर नसतात. वाचकहो, पुढच्या खेपेस आपली मुले-नातवंडे हौसेने समुद्रात निघतील, तेव्हा होडीचा रंग पाहण्याआधी तिची देखभाल कोण करतो, एवढे अवश्य विचारा. आणि तो भेटला, तर त्याच्याशी दोन शब्द आदराने बोला.