सव्वासहाची उकड

आमच्या घरी सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. यात मोठेपणा काही नाही. बायको घाटकोपरच्या एका शाळेत शिकवते. सातच्या आत ती डोंबिवली स्टेशनवर पोचली नाही, तर पुढे गाडीत पाय ठेवायलासुद्धा जागा मिळत नाही. मुलगी ज्युनिअर कॉलेजात, तिचा क्लास कॉलेजच्याही आधी. आई पंचाहत्तरीच्या पुढची; पोटात काही गेल्याशिवाय तिला रक्तदाबाची गोळी घेता येत नाही. मी एमआयडीसीत नोकरीला, स्कूटरवरून दहा मिनिटांच्या अंतरावर. म्हणजे ज्याच्याकडे वेळ आहे त्याने नाश्ता करायचा, असा सरळ हिशेब. डबे बायको करते, अर्धी तयारी रात्रीच करून ठेवून. नाश्ता माझा.

सुरुवातीला मी पोहेच करत असे. पोहे सगळ्यांना आवडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोह्यांना कांदा लागतो, आणि सकाळी सहा वाजता चार कांदे चिरणं हे काम वाटतं तेवढं लहान नसतं. शिवाय बटाटा हवा, शेंगदाणे हवेत, वर कोथिंबीर-खोबरं नसेल तर आई ताटलीकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणते. कांदा महाग झाला की हे पोहे एकदम श्रीमंत होऊन बसतात. उपमा केला तर रवा भाजत उभं राहायचं. थालीपीठ उत्तम, पण तव्यावर एका वेळी एकच; चौथ्या माणसाचं थालीपीठ होईपर्यंत पहिला माणूस गाडीत चढलेला असतो. ब्रेड आणून बघितला. त्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि साडेनऊला परत भूक लागते.

मग आईनेच उकडीची आठवण काढली. तिचं माहेर गुहागरजवळचं. तिथे सकाळी मऊ भात, त्यावर तूप-मेतकूट. आणि मऊ भाताचा कंटाळा आला की उकड. तांदूळ घरचा, ताक घरचं, लसूण परसातली. विकत घ्यायचं असं त्यात मीठ सोडून फारसं काही नव्हतं, असं ती सांगते. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घरचं काहीच नाही, तरीही उकडच स्वस्त पडते. दोन वाट्या तांदळाचं पीठ, चार वाट्या ताक, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार मिरच्या, कढीपत्त्याची एक काडी, तेल. दही घरी विरजलेलं असलं तर चौघांचा नाश्ता पन्नास रुपयांच्या आत होतो. स्टेशनबाहेर एका माणसाच्या पोह्यांच्या बशीलाच त्यातले निम्म्याहून जास्त जातात, आणि ते पोहे गार असतात ते वेगळंच.

पिठाबद्दल मात्र आई ऐकत नाही. दुकानातलं पाकिटातलं बारीक पीठ मोदकाला ठीक, उकडीला ते गिळगिळीत होतं, असं तिचं म्हणणं, आणि खाऊन बघितल्यावर माझंही. उकडीला जरा जाडसर पीठ लागतं आणि तांदूळ भारीतला नको. आम्ही कणी आणतो. ती अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळते, आणि नाहीतरी दळायचीच आहे तर दाणा अख्खा असला काय, मोडका असला काय. कणी धुऊन पंचावर सावलीत वाळवायची आणि गिरणीत न्यायची. गिरणीत सांगावं लागतं, की तांदूळ तांदळावरच दळा. ज्वारीवर दळलेलं तांदळाचं पीठ घरी आणलं की पहिली वाटीभर उकड राखाडी होते. आमचा गिरणीवाला हे न सांगताच पाळतो. डबा खाली ठेवून घेतो आणि “संध्याकाळी या, तेव्हा तांदूळ लागेल” एवढंच म्हणतो.

तांदूळ जुना असेल तर पीठ पाणी जास्त पितं, नवा असेल तर कमी. म्हणून एक वाटी पिठाला तीन वाट्या ओलावा हे माप मी धरतो खरं, त्यात दोन ताकाच्या आणि एक पाण्याची. पण गिरणीतून नवं पीठ आलं की पहिल्या दिवशी अर्धी वाटी गरम पाणी बाजूला ठेवतो. आईला लग्नात आलेली ‘रुचिरा’ अजून आमच्या कपाटात आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं, आणि त्यातलं वाटी-चमच्याचं माप वाचतच त्या पिढीच्या कितीतरी सुना स्वयंपाकाला लागल्या. आई त्यातलं लोणचं करते, वड्या करते. उकड मात्र पुस्तक न उघडता. “उकडीला काय बघायचंय?” म्हणते. बघायचं असतं, पण ते कढईत.

उकड दोन तऱ्हांनी करतात. एकीत ताक फोडणीला टाकून उकळी आणायची आणि वरून पीठ भुरभुरवत घोटायचं. हे ज्यांच्या मनगटात जोर आहे आणि ज्यांना घाई नाही त्यांनी करावं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं, की गोळीचा बाहेरचा थर क्षणात शिजतो, चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच कोंडून ठेवतो. ती गुठळी मग कितीही ढवळा, फुटत नाही. चावताना तोंडात फुटते आणि पांढरं पीठ बाहेर येतं. तांदळातला स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतो. त्याआधी, म्हणजे सगळं गार असताना, पीठ ओलं करून घेतलं की गुठळीचा प्रश्नच मिटतो. दुसरी तऱ्हा ती हीच, आणि आमच्याकडे तीच चालते. यात आणखी एक फायदा आहे. नुसतं आंबट ताक तापवलं तर फाटतं, चोथापाणी होतं. पीठ कालवलेलं ताक फाटत नाही, कढीला बेसन लावतात ते यासाठीच.

तर सव्वासहाला गॅस पेटतो. त्याआधी ताकात पीठ, मीठ आणि नखभर साखर घालून रवीने फिरवून ठेवलेलं असतं. रात्री हे करून ठेवू नये. पीठ तळाशी बसतं आणि ताक सकाळपर्यंत फार चढतं. लोखंडी कढईत तेल जरा सढळ. इथे काटकसर केली तर उकड कढईला धरते आणि वाचवलेल्या तेलापेक्षा जास्त साबण घासण्यात जातो. मोहरी तडतडली, की हिंग, मग ठेचलेली लसूण. लसूण चिरायची नाही, सोलत बसायचीही नाही. बत्त्याचा एक ठोसा दिला की साल सुटतं. ती कडेने तांबूस व्हायला लागली की मिरच्या आणि कढीपत्ता. त्या दोघांचा चरचराट बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, आणि आमच्या घरात गजराच्या घड्याळाने जी मुलगी उठत नाही, ती त्या ठसक्याने खोकत उठते. चिमूटभर हळद, की लगेच कालवलेलं ताक.

इथून पुढची चार मिनिटं कुठे जायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. आधी सगळं पाण्यासारखं पातळ असतं आणि माणसाला वाटतं, आज चुकलं. उलथनं तळाशी फिरवत राहायचं. मग कढईच्या कडेला एक जाड पट्टा दिसायला लागतो, मधे अजून पातळच. उलथन्याला जडपणा जाणवतो, आणि बघता बघता सगळा ऐवज एकदम आवळतो. पांढुरका रंग जाऊन थोडी चमक येते. आता गॅस बारीक आणि वर झाकण. पाच मिनिटं वाफ. मधे एकदा झाकण काढून उकड खालीवर करायची, लागली तर बाजूला ठेवलेल्या गरम पाण्याचा हबका. बोट ओलं करून उकडीला लावून बघायचं. बोटाला चिकटली नाही तर शिजली. चिकटली तर कच्ची, आणि कच्ची उकड दिवसभर पोटात आठवण देते.

वाढताना उलथन्याने मधे खळगा करायचा आणि त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल. आईला तूप. बायकोला तेलावर लाल तिखट भुरभुरलेलं लागतं. आमच्या घाण्यावरच्या तेलाची बाटली खास याच कामाची आहे. गरम उकडीवर पडलं की त्याचा जो वास सुटतो, तो फोडणीत तापवलेल्या तेलाला कधीच येत नाही. कढईच्या तळाची खरवड कोणाची यावरून आई आणि नात यांच्यात वाद असतो. दोघींच्याही दातांचा विचार केला तर ती नातीलाच मिळायला हवी, पण आई हक्क सोडत नाही.

आता उकडीची खोड. ती थांबत नाही. कढईतून उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत खाल्ली तर उकड, नंतर नुसता गोळा. शिजून फुगलेला स्टार्च गार होताना परत आवळत जातो, भात शिळा झाला की ताठर होतो तसंच. त्यामुळे ती डब्यात नेता येत नाही, झाकून ठेवता येत नाही, ‘नंतर खाते’ म्हणणाऱ्याला वाढता येत नाही. मला वाटतं हॉटेलात ती क्वचितच दिसते ती याचमुळे. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रांना तोटा नाही, तिथे साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, घावन सगळं मिळतं. पण मोठ्या पातेल्यात करून तासभर विकायचा हा पदार्थ नव्हे.

आमच्याकडे याचा परिणाम असा झाला, की उकडीच्या दिवशी चौघंही एकदम खातात. पोह्यांच्या वेळी असं होत नसे. बायको उभ्याने चार घास खायची, मुलगी बशी घेऊन आरशासमोर, आईची पूजा आवरेपर्यंत तिच्या बशीवर ताट. आता झाकण काढायच्या आधी मी हाक मारतो आणि जो येणार नाही त्याचा गोळा होतो. आईने पूजा अर्धा तास पुढे ढकलली. देवाला चालतं, उकडीला चालत नाही, असं तीच म्हणाली. दहा मिनिटं बसणं होतं. त्यात गॅसचा नंबर लावायचा आहे, फी भरायची आहे, कोणाचा दात दुखतोय, एवढं बोलून होतं. याहून खोल काही नाही.

सासूबाई अकोटच्या. दिवाळीनंतर पंधरा दिवस आल्या होत्या, तेव्हा मी उत्साहाने पहिल्याच दिवशी उकड केली. त्यांनी ताटलीत बोट घालून चव घेतली आणि विचारलं, “काय जी जावाईबापू, घरातलं बेसन संपलं होतं काय?” त्यांच्या मते हे फसलेलं पिठलं होतं. बायको हसत हसतच गाडीला पळाली. दुसऱ्या दिवशी मला ओट्यापासून दूर बसवून त्यांनी उकडपेंडी केली. जाडसर कणीक तेलावर खमंग भाजली, इतकी की जिन्यावर वास गेला. वेगळ्या फोडणीत कांदा, मिरची, हळद, तिखट. मग भाजलेली कणीक आणि चिंचेच्या कोळाचं पाणी, पण हात आखडता ठेवून, हबके मारत मारत. झाकण, वाफ, आणि शेवटी उलथन्याने मोकळी करणं. कणीक भाजलेली असल्यामुळे ती चिकट होत नाही; रवाळ, आंबट-तिखट, दाणा सुटा. बरोबर कच्चा कांदा. खर्च म्हणाल तर उकडीएवढाच, वेळ भाजण्यापायी थोडा जास्त.

आणि ती डब्यात राहते. मुलीने त्याच दिवशी नेली, मैत्रिणींनी संपवली, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त मागितली. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आईने त्या वेळी तटस्थ राहून दोन्ही बाजूंचं खाल्लं; उकडपेंडीला कांदा फार लागतो एवढा एक शेरा मारला, तोही त्या अकोटला परत गेल्यावर.

उरलेली उकड मात्र वाया जात नाही, हे सासूबाईंनीही मान्य केलं. गार गोळ्यात थोडं तांदळाचं पीठ, बारीक कांदा, कोथिंबीर मळून तव्यावर पातळ थापायची आणि दोन्हीकडून कुरकुरीत करायची. संध्याकाळी चहाबरोबर बरी लागते. त्यासाठी मुद्दाम जास्त उकड करावी असं माझं मत नाही, पण मुलीचं आहे.

रविवारी उकड नाही. त्या दिवशी कोणी सातला उठतं, कोणी दहाला, आणि हाका मारून घर गोळा करायची माझी तयारी नसते. रविवारी पोहे. कांदे चिरायला मुलगी असते, दहालाच.