शंभर डॉलरची सायकल

अमेरिकेतून कायमचं परत यायचं ठरलं, तेव्हा तिकिटं, बँक, शाळेचा दाखला या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न आमच्या गॅरेजमध्ये पडून होता. सिनसिनाटीच्या उत्तरेला एका उपनगरात आम्ही सात वर्षं राहिलो. बाबा गेल्यापासून आई टिळकवाडीच्या घरात एकटी होती. 2022 च्या उन्हाळ्यात ठरलं की पुढच्या जूनमध्ये, मुलीची शाळा संपली की निघायचं. विमानात माणशी 23 किलोच्या दोन बॅगा. बाकीच्या संसाराचं काय करायचं?

"यार्ड सेल करा," ऑफिसमधला एक जण सहज म्हणाला.

घरासमोरच्या हिरवळीवर किंवा गॅरेजच्या दारात घरातल्या वापरलेल्या वस्तू मांडायच्या आणि शनिवारी सकाळी स्वतःच विकायला बसायचं, म्हणजे यार्ड सेल. आपल्याकडे बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं देते, रद्दीवाला पेपर तोलून नेतो. घेणारा दारात येतो आणि सौदा उंबऱ्यातच मिटतो. पण आपल्या वापरलेल्या चादरीवर भाव चिकटवून रस्त्याकडे तोंड करून बसायचं? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लोक काय म्हणतील रे? घर बुडालं म्हणतील की."

खरं सांगायचं तर लाज मलाही वाटत होती. ती मोडली 127 नंबरच्या रस्त्यानं.

यू. एस. 127 हा मिशिगनपासून दक्षिणेला टेनेसीपर्यंत जाणारा जुना महामार्ग. समांतर जाणारे मोठे इंटरस्टेट रस्ते झाले आणि प्रवासी गावांना वळसा घालून जाऊ लागले. बेळगावकरांना बायपासचं दुःख वेगळं सांगायला नको. 1987 मध्ये टेनेसीतल्या फेंट्रेस काउंटीच्या प्रमुखानं, लोकांनी पुन्हा या आतल्या रस्त्यानं यावं म्हणून, रस्त्याच्या कडेनं जुन्या वस्तूंचा बाजार भरवायची कल्पना काढली. आज तो मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत, सहा राज्यांतून 690 मैल भरतो. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो आणि रविवारपर्यंत चालतो. जगातला सर्वांत लांब यार्ड सेल म्हणून तो ओळखला जातो.

आम्ही त्या ऑगस्टमध्ये ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरलो आणि फ्रँकफर्ट, हॅरॉड्सबर्ग, डॅनव्हिल करत दक्षिणेला निघालो. शेतांमध्ये तंबू, चर्चच्या अंगणात टेबलं, घरांच्या ओट्यांवर काचेच्या बरण्या, गोधड्या, ट्रॅक्टरच्या लोखंडी सीट. पाच मैल जायला कधी अर्धा तास लागायचा, कारण पुढची गाडी अचानक थांबायची आणि आतून कुणीतरी आरामखुर्चीकडे धावायचं. लिबर्टी सोडून रसेल स्प्रिंग्जकडे जाताना वेळेचा पट्टा बदलतो, घड्याळ एक तास मागे जातं. बायको म्हणाली, "बरं झालं, घासाघीस करायला एक तास जास्त मिळाला."

तिथं कुणालाच लाज वाटत नव्हती. शिक्षक, शेतकरी, निवृत्त पोलीस, सगळे आपापल्या आजीच्या कपबशा घेऊन खुर्ची टाकून बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंकडे बिडाचे तवे होते. बायकोनं एक घेतला आणि बाईंच्या खुर्चीवरच्या गोधडीचा भाव विचारला. बाई म्हणाल्या, "ती विकायची नाही, म्हणून तर मी तिच्यावर बसलेय. जे द्यायचं नाही ते टेबलावर आणूच नये."

घरी आल्यावर मी इंजिनिअरच्या खाक्याप्रमाणे एक्सेल शीट उघडली. तारीख ठरली मे 2023 चा तिसरा शनिवार. त्याच्या पुढच्या आठवड्यात मेमोरियल डेची जोडून सुट्टी, लोक बाहेरगावी जातात. मग नियम वाचले. आमच्या गावात वर्षातून ठरावीक वेळाच सेल करता येई आणि विजेच्या खांबांवर पाट्या लावायला बंदी होती. म्हणून जमिनीत रोवायच्या पाट्या केल्या. सगळ्या एकाच पिवळ्या रंगाच्या, आणि त्यांवर तीनच गोष्टी: यार्ड सेल, वेळ आणि मोठा बाण. चालत्या गाडीतून यापेक्षा जास्त कुणी वाचत नाही.

विकायचं काय, हे व्होल्टेजनं बरंच ठरवलं. तिकडे 120 व्होल्ट, इकडे 230. मिक्सर, राइस कुकर, व्हॅक्यूम क्लीनर सगळं विक्रीला. लॅपटॉपचा चार्जर दोन्हीकडे चालतो, तो बॅगेत. मुलीच्या लहानपणीचा कठड्याचा पलंग विकण्याआधी त्याची बाजू खाली सरकत नाही ना, हे पाहिलं. तसले पलंग तिथं 2011 पासून बंद आहेत, वापरलेलेही विकता येत नाहीत. गाडीतल्या तिच्या सीटवर छापलेली मुदत संपली होती. ती दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून तिचे पट्टे कापून कचऱ्यात टाकली.

सुट्ट्या पैशांसाठी बँकेतून एक डॉलरच्या 40 नोटा आणि 25 सेंटची 80 नाणी आणली. डबा टेबलावर ठेवायचा नाही, पैसे कमरेच्या पाऊचमध्ये. मोठ्या वस्तू रस्त्याच्या बाजूला, म्हणजे गाडी थांबते. विजेच्या वस्तू एक्स्टेंशन बोर्डाजवळ, म्हणजे चालवून दाखवता येतात. आणि प्रत्येक वस्तूवर भाव हवाच, कारण पुष्कळ लोक विचारायला संकोचतात आणि निघून जातात.

पाटीवर वेळ आठची होती. सात वाजून दहा मिनिटांनी पहिली गाडी आली. "जुनी हत्यारं आहेत? रेकॉर्ड?" नव्हती. गाडी गेली. नंतर मात्र माणसं येतच राहिली. तीन घरं पलीकडच्या आजी सात वर्षं आम्हाला फक्त हात हलवून दाखवायच्या. त्या पहिल्यांदाच आमच्या दारात आल्या आणि चार डॉलरला कढई घेतली. बायकोनं त्यांना फोडणी कशी करायची ते सांगितलं, त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. समोरच्या घरातला माणूसही इंजिनिअर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सात वर्षांत झाली नाही एवढी ओळख पाच तासांत झाली, आणि आम्ही तर निघालो होतो.

माझं लिहायचं टेबल मात्र कुणी पाहत नव्हतं. ते मी 220 डॉलरला घेतलं होतं, भाव लिहिला होता 90. एकानं 25 देऊ केले तेव्हा मला राग आला.

तेवढ्यात लक्ष गेलं मुलीच्या सायकलकडे. 16 इंची, निळी. मी तिच्यावर 15 डॉलरचं स्टिकर लावलं होतं. त्या जागी आता वाकड्या अक्षरात 100 लिहिलेलं.

"एवढी किंमत लावलीस तर कोण घेईल?"

"म्हणूनच लावली," ती म्हणाली.

मी पुन्हा टेबलाकडे पाहिलं. तिला निदान माहीत तरी होतं, आपण काय करतोय ते.

थोड्या वेळानं एक आजोबा नातीला घेऊन आले. नात थेट सायकलवर जाऊन बसली. आजोबा हसून म्हणाले, "शंभर जरा जास्त होतात. 20 घेणार का?" माझी लेक बायकोच्या मागे गेली. तिनं काही म्हटलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांच्या मुलीचं घर, शाळा, मैत्रिणी आम्ही न विचारता हलवत होतो. मला गोधडीवर बसलेल्या बाई आठवल्या.

"माफ करा," मी म्हणालो, "ती विकायची नाही. चुकून बाहेर आली." सायकल आत नेऊन ठेवली. आजोबांनी नातीला 25 सेंटची दोरीची उडी घेऊन दिली, आणि ती खूश झाली.

टेबल एक वाजता एका कॉलेजच्या मुलाला 20 डॉलरला दिलं. त्यानं त्यावर अभ्यास करायचा म्हटल्यावर ते 20 मला कमी वाटले नाहीत. दिवसाची कमाई 386 डॉलर. संध्याकाळी पाट्या उपटून आणल्या, उरलेलं गुडविलला देऊन टाकलं.

सायकलची चाकं, पेडल, हँडल सुटं केलं तरी तिनं एक अख्खी बॅग खाल्ली. त्यासाठी माझी पुस्तकं आणि बायकोची ओव्हनची भांडी मागे राहिली. हिशेब केला, तर शंभर डॉलर काही फार चुकीचे नव्हते.

टिळकवाडीच्या गल्लीत ती सायकल वर्षभर फिरली. पहिल्या मैत्रिणी तिच्याचमुळे मिळाल्या, कारण प्रत्येकीला एक चक्कर हवी होती. मग गुडघे हँडलला लागू लागले. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी ती घेऊन माळ्यावर चढलो. आईचा हा माळा रिकामा करायचा बेत मी अमेरिकेतूनच करून आलो होतो. जुनी चादर बाजूला केली, तर खाली माझी तीनचाकी. घंटी तुटलेली, सीट फाटलेली, पण जागच्या जागी.

शिडी धरून उभी असलेली आई खालून म्हणाली, "ती जरा पलीकडं सरकव. दोन्ही मावतील की."