संडासाची पायरी

आपल्या घरातील वृद्ध माणूस दुपारनंतर पाण्याचा पेला बाजूला सारू लागला, तर त्याची तहानच कमी झाली आहे असे समजून स्वस्थ बसू नका. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते हे खरे. परंतु पुष्कळदा त्यामागे संडासात जाण्याची धास्ती असते. पाणी तोडले की मलावरोध वाढतो, लघवीचा संसर्ग संभवतो, उभे राहताना भोवळ येते. आणि ज्या पडण्याच्या भीतीने पाणी सोडले, ते पडणेच जवळ येते. माझ्या 81 वर्षांच्या सासूबाईंचे नेमके हेच चालले होते.

घणसोली गावातले आमचे घर जुन्या वस्तीतले. संडास जिन्याखाली, तोही एक पायरी चढून. त्या पायरीवर भारतीय बैठकीचे भांडे. सासूबाईंची सारी हयात उकिडवे बसण्यात गेली: खाडीची कोळंबी निवडायची असो की चुलीपुढे भाकऱ्या थापायच्या असोत. आता गुडघे जुमानेनात, तरी कमोडचे नाव काढू देईनात. दहाजण बसलेल्या जागी अंग कसे टेकायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो मुळीच अडाणीपणाचा वाटला नाही. उकिडव्या बैठकीत शरीराचा कशालाच स्पर्श होत नाही, ही तिची मोठीच सोय आहे. म्हणून वाद न घालता आम्ही केवळ रात्रीपुरती, पाय कमी-जास्त करता येणारी कमोड खुर्ची त्यांच्या खोलीत ठेवली. ती फक्त त्यांची.

या खुर्चीचा एक उपयोग मला आधी सुचला नव्हता. तिच्यावरून कमोडची योग्य उंची कळते. साधे कमोड सुमारे 15 ते 16 इंच उंच असते. वृद्धांसाठी म्हणून विकले जाणारे 17 ते 19 इंचांचे. दुकानदार उंच भांड्याचाच आग्रह धरतो. उंच, थोराड माणसाला किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्याला ते उपयोगी पडते. परंतु सासूबाई पावणेपाच फुटांच्या. त्यांचे पाय अधांतरी लोंबले असते, मांड्यांखाली कड रुतली असती आणि उठताना जमिनीचा आधार मिळाला नसता. तळपाय पूर्ण टेकलेले असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजा. बैठक त्याहून किंचित उंच असली की पुरे. आम्ही साधेच भांडे घेतले.

खरे काम भांड्याचे नव्हते, पायरीचे होते. ती फोडून जमीन सपाट करायची, म्हणजे तिच्या पोटातला जुना ट्रॅपही निघणार. तो काढलाच पाहिजे. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो. एकामागे एक दोन राहिले तर पाणी तुंबत जाते. मैला बाहेर नेणारी नळी जमिनीतून जाते की मागच्या भिंतीतून, हे पाहूनच भांडे निवडावे. जमिनीतून जात असेल, तर लादी बसवल्यानंतरच्या भिंतीपासून छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून दुकानात जावे. गवंड्याने चार इंची नळीला दर पाच फुटांना एक इंच उतार दिला आणि लादी लावण्यापूर्वी बादल्या ओतून पाहिले. आपण इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर फोडकामाने जलरोधक थर दुखावतो. तो पुन्हा करून घेतल्याविना पुढे जाऊ नये आणि खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगावे.

चार दिवस काम चालले. तेवढे दिवस तीच खुर्ची कामी आली.

आधाराच्या दांड्यांविषयी मात्र मी हट्टी झाले. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे. दांडी लादीवर नव्हे, लादीमागच्या विटेत पक्की बसली पाहिजे. माझ्या मुलाने दोन्ही हातांनी पूर्ण भार देऊन पाहिल्यावरच मी गवंड्याची मजुरी चुकती केली. सासूबाईंचा उजवा हात बळकट, म्हणून दांडी उजवीकडे. अर्धांगवायू झालेल्यांसाठीही ती धडधाकट बाजूलाच हवी. दार पूर्वी आत उघडत असे. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने ते अडते. ते आम्ही बाहेर उघडणारे केले आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी लावली.

पाण्याचा जेट त्यांना आवडला नाही. त्यासाठी नळ आणि टमरेल हाताशी ठेवले आहे. पायांखाली एक बुटके लाकडी पाट आहे. त्यावर पाय ठेवले की गुडघे वर येतात आणि बैठक थोडीशी त्यांच्या सवयीची होते. उठण्यापूर्वी तो त्या पायानेच बाजूला सारतात, क्षणभर तशाच बसतात, मग दांडी धरतात. रात्री जिन्याखालचा मंद दिवा जळत असतो. हल्ली जेवणानंतर त्या स्वतःहून तांब्या मागतात.